काचेपासून पडद्यापर्यंत

फिटर: सव्वासात वाजलेत, ताई. थिएटरचा पहिला खांब क्रेनला लटकतोय आणि खाली टेकवायला बोल्ट नाहीत.

मुलगी: नाहीत म्हणजे? जोतं भरताना तुमच्याच कारखान्याचे साचे लावून बोल्ट बसवले होते. मी फोटो पाठवलेत.

फिटर: बोल्ट आहेत हो. फक्त या खांबाखाली नाहीत. इकडे या, सांभाळून. नकाशाप्रमाणे रस्त्याकडची शेवटची जोडी इथे, या खडूच्या फुलीवर. आणि बोल्ट उभे आहेत ते तिकडे, पायऱ्यांजवळ. मध्ये दहा फूट.

मुलगी: दहा बोटं म्हणायचंय का तुम्हाला?

फिटर: दहा बोटं असती तर तुम्हाला हाकच मारली नसती. घण घेऊन आमचं आम्ही मिटवलं असतं.

मुलगी: आणि बाकीचे?

फिटर: बाकीचे देखणे. पडद्याच्या भिंतीपासून दोरी लावून बघितली, कुठे केसाचा फरक नाही. म्हणून तर चक्रावलोय. एवढा साफ हात असलेला माणूस शेवटच्या जोडीला येऊन दहा फूट घसरत नाही. तो चालत गेलाय तिथपर्यंत.

मुलगी: आधी तो खांब खाली घ्या. तो असा लोंबकळत नको. वर समोर सगळा रस्ता गोळा झालाय.

फिटर: न्हावी गिऱ्हाईक सोडून आलाय. गिऱ्हाईकही आलंय मागोमाग, अर्ध्या गालाला साबण लावून. ए क्रेन! सावकाश. खाली, खाली, अजून... बस! हं. आता सांगा, जोतं भरलं तेव्हा इथे कोण होतं?

मुलगी: मी परवान्यासाठी कचेरीत बसून होते. इथे गवंडी होता. आणि बाबा.

फिटर: बाबा म्हणजे ते सिमेंटच्या पोत्यावर बसलेत, सकाळपासून क्रेनकडे बघून हसताहेत, ते?

मुलगी: तेच. तुम्ही काही बोलू नका. मी विचारते.

बाबा: मला ऐकू येतं अजून. काय बिनसलं?

मुलगी: बाबा, हे शेवटचे बोल्ट इथे बसवायला कुणी सांगितलं?

बाबा: मी.

मुलगी: का?

बाबा: का म्हणजे? नकाशात चूक होती. मी दुरुस्त केली.

फिटर: काका, या एका नकाशावर आम्ही डझनभर गावांत थिएटरं उभी केलीत. ट्रकमधून भिंती उतरवायच्या, आकड्याला आकडा जुळवायचा, बोल्ट आवळायचे. चूक असती तर पहिल्याच गावात लोकांनी आम्हाला पिटाळलं असतं.

बाबा: रागावू नका. मी कुणाला नावं ठेवत नाही. तो कागद द्या जरा. ही लांबी लिहिलीय बघा, साठ फूट. कुठून कुठे?

फिटर: या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

बाबा: भिंतीपासून भिंतीपर्यंत गोदाम मोजतात. थिएटर काचेपासून पडद्यापर्यंत मोजतात. मशीनसमोर काच असते ना, जिच्यातून उजेड बाहेर पडतो, तिथपासून. उजेड चालतो तेवढं थिएटर. नवी लेन्स मागवा, लांबी विचारतात ती हीच. पडदा शिवायला टाका, तीच. जन्मभर थिएटरात मशीन चालवलं, दुसरी लांबी ऐकलेली नाही. तर या फुलीपर्यंत मी साठ मोजले, म्हटलं इथे काच येणार. मग काचेमागे ऑपरेटरची खोली नको? की ऑपरेटरनं रस्त्यात उभं राहायचं? दहा फूट खोलीला दिले आणि बाहेरची भिंत पायऱ्यांजवळ नेली. गवंड्यालाही पटलं.

फिटर: पण नकाशात खोली कुठे आहे, काका?

बाबा: नाहीच ना! तेच म्हणतोय मी. वाटलं, काढायची राहिली. माणूस आहे, विसरतो. घाईघाईत काढला असेल बिचाऱ्यानं. तिकिटाची खिडकी दाखवलीय, संडास दाखवलेत, थंड बाटल्यांचं कपाटसुद्धा दाखवलंय. आणि ऑपरेटरची खोली नाही. असं कुणी जाणूनबुजून करेल का?

फिटर: ताई?

मुलगी: तुम्ही जरा क्रेनकडे बघता का?

फिटर: क्रेन आहे तिथेच... बरं, बघतो. चांगली निरखून बघतो.

मुलगी: बाबा, बसा.

बाबा: बसलेलाच आहे. तू बस. परीक्षेत नापास झाल्यासारखं तोंड झालंय तुझं.

मुलगी: नकाशा काढणारा विसरला नव्हता.

बाबा: मग?

मुलगी: नव्या मशीनला खोली लागत नाही. मागच्या रांगेच्या वर छताला एक पेटी टांगतात, मशीन त्या पेटीत. सिनेमा तारेतून येतो. वेळ लावून ठेवली की आपोआप सुरू होतो, आपोआप संपतो. दिवेही तेच मालवतं, तेच लावतं.

बाबा: हं. आणि चालवायला कोण?

मुलगी: कोणी नाही.

बाबा: कोणी नाही कसं? कुणीतरी बटण दाबत असेलच की.

मुलगी: ते मी दाबणार. सकाळी एकदा. तिकिटाच्या खिडकीत बसून, या मोबाइलवर.

बाबा: मोबाइलवर.

मुलगी: हो.

बाबा: हे तुला कधीपासून माहीत आहे?

मुलगी: नकाशा निवडला तेव्हापासून.

बाबा: आणि मी रोज तुझ्या आईला सांगतोय, खोलीत पंखा मशीनच्या डावीकडे लावू, म्हणजे वारा माझ्यावर येईल आणि मशीनलाही लागेल. ती आपली ‘हो, हो’ म्हणतेय. तिला माहीत होतं?

मुलगी: होतं. पण तिनं अंग काढून घेतलं. म्हणाली, थिएटर तू बांधतेस, तूच सांग. मी रोज ठरवायचे, आज जेवताना सांगायचं. आणि तुम्ही पहिला घास घ्यायच्या आधीच खोलीचं काढायचात. त्या पंख्याचं. एकदा तर म्हणालात, खोलीत दोन खुर्च्या ठेवू, तू लहानपणी उभी राहून पाय दुखवून घ्यायचीस. मग माझी जीभच रेटेना.

बाबा: सांगितलं असतंस तर जोतं नकाशाबरहुकूम झालं असतं.

मुलगी: हो.

बाबा: म्हणजे कारखाना बरोबर होता, गवंडी बरोबर होता. चुकलो आपण दोघं. तू गप्प राहून आणि मी शहाणपण करून. बापलेकीची मिळून दहा फूट चूक. बरीच मोठी झाली.

मुलगी: हसू नका ना, बाबा. त्यापेक्षा ओरडा.

बाबा: ओरडून काय होणार? मला एवढंच सांग. जुनं थिएटर पाडलं, मालकानं गोदाम केलं, तेव्हा तू म्हणालीस, बाबा, रडू नका, आपण दुसरं बांधू. म्हणालीस की नाही?

मुलगी: म्हणाले. तुमच्यासाठीच बांधतेय.

बाबा: माझ्यासाठी बांधतेस आणि त्यात मी कुठे आहे?

मुलगी: तुम्ही... तुम्ही सगळीकडे असाल. दारात, आत...

बाबा: सगळीकडे असणारा माणूस कुठेच नसतो, बाळा. लग्नघरातल्या म्हाताऱ्यासारखा. खुर्ची देतात, आणि दर पाच मिनिटांनी म्हणतात, जरा इकडे सरका.

फिटर: माफ करा, मध्ये बोलतो. क्रेन दिवस मावळायच्या आत पुलाच्या कामावर जाणार. तिथे अडकली की पूल होईपर्यंत सुटायची नाही. म्हणून मी म्हणतो, आपण उलट्या टोकाकडून सुरू करू. पडद्याकडून. तिकडच्या खांबांच्या कमानी आज उभ्या करून घेतो. मागची भिंत राहू दे उघडी. काय करायचं ते संध्याकाळपर्यंत ठरवा.

मुलगी: तुम्ही फुलीवर भोकं पाडून नवे बोल्ट बसवा ना! आजच. एवढं काय त्यात?

फिटर: भोक पाडायला माझं काय जातं? पण खांबाखाली नुसती फरशी चालत नाही. खाली खोल खड्डा भरलेला पाहिजे. काकांनी पायऱ्यांजवळ तो भरून घेतलाय, पोटभर. फुलीखाली भाकरीएवढाच थर आहे. तिथे खांब लावला तर पहिल्या जोराच्या वाऱ्यात मागची भिंत न्हाव्याच्या दुकानात.

मुलगी: मग फोडायचं?

फिटर: फोडायचं, खणायचं, पुन्हा भरायचं, वाळू द्यायचं. नाहीतर कारखान्याला विचारायचं, जादा दहा फुटांचं छत आणि भिंती करून देता का. मी विचारतो. पण त्यांना काही वेगळं सांगितलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. तयार नकाशाचं असंच असतं. आहे तसं घ्या, झटपट होतं. एक खिळा हलवलात की तुमचं घोडं रांगेत मागे.

बाबा: फोडा. विचारू नका कुणाला. नकाशात आहे तसं करा. मी तिकिटं फाडायला दारात उभा राहीन.

मुलगी: तुम्ही दारात नको.

बाबा: का? शोभत नाही?

मुलगी: शोभायचा प्रश्न नाही. तुम्ही ओळखीच्या प्रत्येकाला तसंच आत सोडाल. आणि गावात तुमच्या ओळखीचं नाही असं कोण आहे?

फिटर: हे मात्र खरं, काका. सकाळपासून रस्त्यावरच्या प्रत्येकानं तुम्हाला हात केलाय. एक विचारू? राग मानू नका. एकदा मशीन सुरू झालं की ऑपरेटर करतो काय? मला आपलं वाटायचं, झोपत असेल.

बाबा: झोपणारेही होते. रीळ चढवलं की ते संपेपर्यंत तसं काम नसायचं. मी खिडकीशी उभा राहायचो.

फिटर: म्हणजे तोच सिनेमा रोज बघायचा? खरी शिक्षा.

बाबा: सिनेमा कोण बघतो? माणसं. पडद्याच्या उजेडात सगळ्यांची डोकी दिसतात. सुरुवातीला थिएटर अर्धं रिकामं असतं, आवाज भिंतींवर आपटतो. तो कमी ठेवायचा. मग उशिरा येणारे येत राहतात. माणसं आवाज पितात, ठाऊक आहे? अंगावरचे कपडे, आणलेल्या पिशव्या, मांडीवरची पोरं, सगळं पितं. जसजसं भरत जाईल तसतसा बटणावरच्या एकेक खुणेनं आवाज चढवायचा, कुणाला कळू न देता. पुढे म्हातारी मंडळी दिसली की बोलणं जरा आणखी वर. आणि एखाद्या बाईचं मूल रडायला लागलं...

फिटर: तर खाली?

बाबा: वर. थोडंसंच. म्हणजे लोक मागे वळून तिच्याकडे बघत नाहीत. ती बिचारी अर्ध्यातून उठून जात नाही. सिनेमा बघायला तिला पुन्हा कधी मिळणार असतं कुणास ठाऊक.

मुलगी: हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

बाबा: त्यात सांगायचं काय? काम होतं. आणि तू माझ्या शेजारीच उभी असायचीस. मला वाटलं, बघतेयस.

मुलगी: मी सिनेमा बघत होते, बाबा.

फिटर: या नव्या मशीनला आवाजाचा एक आकडा लावून देतात. मोबाइलवरून बदलतही असेल. पण ताई बाहेर तिकिटाच्या खिडकीत बसणार. तिथे आतलं काही ऐकू येत नाही. भिंती आमच्या चांगल्या असतात, बाहेर टिपूस आवाज येत नाही. निदान कारखाना तसं सांगतो. मी कधी ऐकलेलं नाही.

बाबा: एवढी थिएटरं बांधलीत आणि ऐकलेलं नाही?

फिटर: शेवटचा नट आवळला की आमचा ट्रक पुढच्या गावाला. पडदा आमच्यानंतर लागतो. मी बांधलेल्या थिएटरात मी एकही सिनेमा पाहिलेला नाही, काका.

बाबा: एकही नाही?

फिटर: बायको म्हणते, तू म्हणजे लग्न लावून देऊन न जेवता परतणारा भटजी. चला, क्रेनवाला हात करतोय. मी पडद्याकडे जातो.

मुलगी: बाबा, मला खरं सांगा. आवाज वरखाली करायला एक अख्खी खोली? उद्या लोक म्हणतील, बापाला बसायला जागा हवी म्हणून पोरीनं थिएटर लांबवलं.

बाबा: बरोबर म्हणतील. म्हणून माझ्यासाठी नको करूस. मी किती दिवस पुरणार? खोली माणसापेक्षा जास्त टिकते. मी गेल्यावर तू त्यात झाडू आणि बादल्या ठेवशील.

मुलगी: ठेवीन. आणि दर वेळी झाडू काढताना तुमच्या नावानं रडेन. हे हवंय तुम्हाला?

बाबा: मला काय हवंय ते मी जोत्यात सांगून टाकलंय. आता तुला काय हवंय ते तू सांग. थिएटर तुझं आहे.

मुलगी: मला हे उभं राहायला हवंय. लोक सिनेमाला बाहेर पडायचं विसरायच्या आत. विटांनी बांधलं असतं तर दोन वर्षं गेली असती, तेवढ्यात जो तो घरीच भिंतीवर टीव्ही लावून बघायला लागला असता. म्हणून घेतला तयार नकाशा. त्यात तुम्ही बसत नव्हता, ते मला दिसलं होतं. मी म्हटलं, बघू नंतर.

बाबा: हं. जा आता. तुला हाक मारताहेत.

(संध्याकाळ. पडद्याकडच्या कमानी उभ्या राहिल्या आहेत. रस्त्याची बाजू मोकळी आहे. क्रेन निघून गेली आहे.)

फिटर: कारखान्यातून फोन आला, ताई. दोन वाटा सांगतात. फोडून नवा पाया भरला तर माल तयारच आहे. जोतं वाळलं आणि क्रेन मिळाली की आमचा ट्रक हजर. जादा दहा फूट हवे असतील तर छताच्या पट्ट्या लांब कराव्या लागतील. एवढी लांबी झेपेल की नाही हे त्यांचे साहेब हिशेब करून सांगतील. झेपेल असं आत्ता कोणी म्हणत नाही. नाही झेपली तर फोडणं आहेच.

मुलगी: म्हणजे विचारण्यात थांबायचं, आणि शेवटी कदाचित फोडायचंच.

फिटर: कदाचित. साहेब आज कामाला लावायचे का, एवढंच विचारताहेत. आणि लावायचे तर खोलीच्या आतल्या भिंतीत खिडकी किती उंचीवर, ते माप मागतात. खिडकी म्हणजे भिंतीला भोक, तेही हिशेबात धरावं लागतं. परत फोन येईल आता.

मुलगी: बाबा.

बाबा: ऐकलं. ठरवलंस?

मुलगी: नाही. विचारून बघायचं एवढंच. विचारायला माप लागतं म्हणे.

बाबा: ऑपरेटरच्या खोलीला दोन खिडक्या असतात. एक मशीनची, एक माणसाची.

मुलगी: मशीन छताला जाणार.

बाबा: मग एकच. पण तिचं माप असं तोंडी सांगता येत नाही. जुन्या थिएटरात ती माझ्या कपाळाला लागायची, कारण बांधणारा माझ्याहून उंच होता. जन्मभर टाचा उंचावून उभा राहिलो. शिडी आहे का?

फिटर: आहे की. पण काका, तुम्ही चढणार?

बाबा: मी नाही तर काय न्हावी चढणार? इथे लावा, फुलीवर. धरा घट्ट. आणि तू, मागची रांग येईल तिथे जाऊन बस. त्या रंगाच्या डब्यावर.

मुलगी: बाबा, सावकाश. एकेक पायरी.

फिटर: धरलीय मी, ताई. काका हलके आहेत, वाऱ्यानं उडाले तरच.

बाबा: बसलीस? आता उभी राहा. तशीच. डोक्यावरून हात वर कर. मागच्या रांगेतला कुणीतरी मध्येच उठून आळस देतोच. हं. हात खाली. बस. पुन्हा उठ.

मुलगी: सगळा रस्ता बघतोय, बाबा.

बाबा: बघू दे. तिकीट नाही लागत अजून. जरा डावीकडे सरक. अगं, तुझ्या डावीकडे. फिटर, एक पायरी वर जातो.

फिटर: जा. पण खाली यायचंही लक्षात ठेवा.

मुलगी: फोन आला. हॅलो? हो, मीच. माप? थांबा जरा, ते शिडीवर आहेत. समोर बघताहेत. नाही हो, पडदा कुठला, नुसत्या कमानी आहेत अजून. हो, लाइनवर राहा. घेताहेत माप.